तलवारीचे राज्य आणि मान्यतेचा कागद

एखाद्या देशात लष्कराने सत्ता हाती घेतली की शेजारच्या राजधान्यांत एक जुनाच पेच नव्याने उभा राहतो. नव्या सत्ताधाऱ्याशी व्यवहार करावा की करू नये? केला तर तो त्याच्या अधिकाराला दिलेला होकार ठरतो काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या सेनापतींनी निवडून आलेले सरकार मोडले, तेव्हा भारताने सरहद्दीचा विचार करून संबंध चालू ठेवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल तालिबानांच्या हाती गेले, तेव्हा भारताने प्रथम आपला दूतावास रिकामा केला आणि जून २०२२ मध्ये, औपचारिक मान्यता न देताच, तांत्रिक पथक तेथे धाडले. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एस्त्रादा यांनी १९३० साली या पेचावर एक तोड सुचविली होती. परकीय सरकार वैध की अवैध याचा निवाडाच करू नये. वकील ठेवायचा की परत बोलवायचा एवढेच आपल्यापुरते ठरवावे, असा तिचा आशय.

परभणीसारख्या जिल्ह्यातील वाचकाला हे सारे दूरदेशीचे राजकारण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या राजवटीखाली हा जिल्हा सव्वादोनशे वर्षे होता, ती राजवटच अशा एका लष्करी सत्तांतरातून जन्मली. तिला मान्यता द्यावी की नाही हा प्रश्न दिल्लीलाही पडला होता आणि साताऱ्यालाही. त्या राजवटीचा संस्थापक मीर कमरुद्दीन, इतिहासाला परिचित असलेला निजाम-उल्-मुल्क आसफजाह पहिला. मराठवाड्याच्या मनात निजाम हा शब्द शेवटच्या निजामाशी आणि रझाकारांशी इतका जखडला गेला आहे की, पहिल्या निजामाचे चरित्र जवळजवळ अपरिचितच राहिले. ते शांतपणे वाचले, तर मान्यता नावाची वस्तू कशी घडते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा चांगला बोध होतो.

मोगली मुत्सद्देगिरीची शाळा

मीर कमरुद्दीनचा जन्म १६७१ सालचा. घराणे मध्य आशियातून आलेले, तुराणी. आजोबा आबिदखान औरंगजेबाच्या सेवेत असताना १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफगोळा लागून मरण पावला. वडील गाजिउद्दीन फिरोजजंग हाही औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोठ्या सरदारांपैकी एक. मुलाचे तारुण्य दख्खनच्या छावण्यांतच गेले. मराठ्यांशी चाललेल्या त्या पंचवीस वर्षांच्या युद्धात बादशाही खजिना रिता होताना आणि मराठी घोडदळ मात्र वाढत जाताना त्याने डोळ्यांनी पाहिले. मराठे रणांगणात हरले तरी देशातून नाहीसे होत नाहीत, हा त्याने त्या काळात घेतलेला धडा. पुढे आयुष्यभर तो त्याला विसरला नाही.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि वारसांत युद्ध जुंपले. या युद्धात कमरुद्दीनने आपली शक्ती कोणाहीसाठी फारशी खर्च केली नाही. १७१३ साली फर्रुखसियर तख्तावर आला, तेव्हा त्याने या सावध सरदारास निजाम-उल्-मुल्क हा किताब आणि दख्खनच्या सहा सुभ्यांची सुभेदारी दिली. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद आणि विजापूर हे ते सहा सुभे. आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तेव्हा वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. ही पहिली सुभेदारी दोनच वर्षे टिकली. १७१५ साली तिच्यावर सय्यद बंधूंपैकी हुसेन अली आला.

हुसेन अलीला दिल्लीतील आपला पक्ष सांभाळण्यासाठी मराठ्यांची मदत हवी होती. त्याने बाळाजी विश्वनाथाशी तह केला. बाळाजी फौजेनिशी दिल्लीस गेला, फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि मार्च १७१९ मध्ये सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा छत्रपती शाहू महाराजांच्या नावे मिळाल्या. महसुलाचे शेकडा पंचवीस चौथाईचे आणि दहा सरदेशमुखीचे. मराठी सत्तेला प्रथमच आपल्या हक्काचा बादशाही कागद हाती आला. पण कागद देणारे सरकार वर्षभरातच डळमळू लागले.

नवा धनी, जुन्या सनदा

१७२० च्या उन्हाळ्यात निजाम-उल्-मुल्काने माळवा सोडून नर्मदा ओलांडली. असीरगड आणि बऱ्हाणपूर त्याच्या हाती आले. खांडव्याजवळ त्याने दिलावर अलीचा, आणि ऑगस्टमध्ये वऱ्हाडातील बाळापूरजवळ हुसेन अलीचा पुतण्या आलम अली याचा पराभव केला. दोघेही लढाईत पडले. कोणतीही नेमणूक हाती नसताना दख्खन त्याने केवळ तलवारीने घेतली होती. बाळापूरच्या लढाईत मराठ्यांची कुमक आलम अलीच्या बाजूने होती, म्हणजे साताऱ्याने हरणाऱ्या पक्षाला हात दिला होता.

साताऱ्यापुढचा पेच आता स्पष्ट होता. ज्या सरकारने सनदा दिल्या ते दख्खनेत उरले नव्हते. जे सरकार आले त्याच्याशी कालच लढाई झाली होती. नव्या सरकारने जुन्या सरकारचे करार पाळावेत काय, हा आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातही वादाचा मुद्दा आहे. बाळाजी विश्वनाथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता आणि पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या बाजीरावाकडे आली होती. ४ जानेवारी १७२१ रोजी औरंगाबादजवळच्या चिकलठाण्यास बाजीराव आणि निजाम यांची भेट झाली. एक पन्नाशीला टेकलेला, अनेक बादशाह्या पाहिलेला, दुसरा विशीतला. बाजीरावाने समोरच्या सत्तेशी व्यवहार सुरू केला. तिच्या अधिकाराचा उगम शोधत बसला नाही. दोघांनाही एकमेकांविषयी विश्वास नव्हता. दोघांनाही वेळ हवा होता.

पुढे १७२२ साली दिल्लीत सय्यदांचा अस्त झाल्यावर महंमदशहाने निजामास वजीर केले. त्याला कारभार सुधारावयाचा होता, जहागिरींची फेरवाटणी आणि लाचलुचपतीस आळा घालावयाचा होता. दरबाराला यातले काहीच नको होते. दरबारी मंडळींनी त्याच्या जुन्या वळणाची टवाळी केली. दोन वर्षांच्या आत तो कंटाळला, आणि १७२३ च्या अखेरीस हवापालटाचे निमित्त करून त्याने दिल्ली सोडली. काही महिन्यांनी तो दक्षिणेच्या वाटेवर असल्याचे उघड झाले.

साखरखेर्ड्याचा निकाल

बादशहाने त्याला अडविण्यासाठी हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याची दख्खनच्या सुभेदारीवर नेमणूक केली. या घटकेला कायदा मुबारिजखानाच्या बाजूस होता. फर्मान त्याच्याजवळ होते. निजामाजवळ केवळ फौज होती. साताऱ्याच्या दृष्टीने हा पुन्हा निवड करण्याचा क्षण होता. बाजीराव मे १७२४ मध्ये माळव्यात नालछे येथे निजामाला भेटला होता. मराठ्यांचा कल अखेर निजामाकडे झुकला. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्डे येथे लढाई होऊन मुबारिजखान आपल्या मुलांसह मारला गेला.

साखरखेर्डे आज बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात आहे. परभणी जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून ते फार दूर नाही. निजामाने त्याचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. जिंतूर-पाथरीकडच्या रयतेचा धनी कोण, याचा निकाल त्या गावाच्या शिवारात एका दिवसात लागला आणि तो १९४८ पर्यंत टिकला. त्या रयतेला याविषयी कोणी विचारले नव्हते, आणि विचारावे असे त्या काळी कोणालाही वाटले नसते.

यानंतर निजामाने जे केले ते मुत्सद्देगिरीच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याने स्वातंत्र्य पुकारले नाही. मुबारिजखानाचे शिर त्याने दिल्लीस पाठविले, आणि जणू एखाद्या बंडखोराचा बंदोबस्त केला अशा थाटात बादशहाचे अभिनंदन केले. ज्याने नेमणूक केली त्यालाच, नेमलेल्याच्या मृत्यूबद्दल, विजयाची वार्ता! बादशहाला सत्य माहीत होते आणि निजामाला ते त्याला माहीत आहे हेही ठाऊक होते. परंतु दिल्लीकडे दुसरी फौज नव्हती. १७२५ साली महंमदशहाने माळवा व गुजरात त्याच्याकडून काढून घेतले, दख्खन त्याच्याकडे कायम केली आणि आसफजाह हा किताब पाठविला. जे घेतले गेले होते तेच दिल्लीने दान म्हणून दिले. पराभूताने विजेत्यास मान्यता दिली आणि त्या बदल्यात आपले नाव नाण्यावर व खुत्ब्यात राखून घेतले. हैदराबादची नाणी १८५७ पर्यंत मोगल बादशहांच्याच नावाने पडत राहिली.

मान्यतेचे शस्त्र उलटते

सत्ता स्थिरावल्यावर निजामाला मराठ्यांच्या कमाविसदारांची उपस्थिती खुपू लागली. आपल्या मुलुखात दुसऱ्या सत्तेचे वसुलीदार फिरावेत, हे कोणत्याही सरकारला सहन होणारे नव्हते. वसुलीदार काढून त्याऐवजी ठरीव रक्कम द्यावी, असा त्याचा प्रयत्न होता आणि साताऱ्यात श्रीपतराव प्रतिनिधीचा पक्ष अशा तडजोडीस अनुकूल होता. बाजीरावाचा तिला विरोध होता. हक्क रोकडीत बदलला, की रोकड थांबविणे एका हुकमाचे काम होते, हे त्याने ओळखले होते.

१७२७ साली निजामाने अधिक धारदार डाव टाकला. कोल्हापूरकर संभाजी महाराजांनीही छत्रपतिपदावर हक्क सांगितला होता. निजामाने म्हटले की, मराठ्यांचा खरा राजा कोण याचा निर्णय होईपर्यंत चौथाई कोणास द्यावी हेच कळत नाही. तेव्हा वसूल थांबवावा आणि दोघांनी आपले दावे मांडावेत. ज्याची स्वतःची सत्ता तीन वर्षांपूर्वी बादशाही फर्मानाविरुद्ध लढून उभी राहिली, तोच आता दुसऱ्याच्या वैधतेचा न्यायाधीश झाला. मान्यता रोखून धरणे हे युद्धाइतकेच परिणामकारक हत्यार आहे, हे त्याने ओळखले होते.

बाजीरावाने उत्तर फौजेने दिले. १७२७ च्या पावसाळ्यानंतर तो जालना, सिंदखेड, वाशीम, माहूर या टापूतून गेला, आणि तेथून खानदेश व गुजरातकडे वळला. निजाम पुण्यावर चालून गेला. पण बाजीरावाच्या हालचालींमुळे त्याला माघारी फिरावे लागले. जड तोफखाना मागे पडला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे मराठ्यांनी त्याचे दाणा-पाणी तोडले, आणि ६ मार्च १७२८ रोजी पैठणजवळ मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मानला, संभाजी महाराजांचा पाठपुरावा सोडला आणि काढलेले वसुलीदार पुन्हा ठेवू दिले. चार वर्षांपूर्वी सत्ता घेणाऱ्याला मान्यता हवी होती. आता मान्यता देण्याची पाळी त्याची होती.

नकाशावर हा मराठ्यांचा निखालस विजय होता. तथापि ज्या गावांतून या फौजा गेल्या आणि ज्या गावांवर तहाची कलमे लागू झाली, त्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. फौज शत्रूची असो वा मित्राची, घोड्यांना वैरण उभ्या पिकातूनच लागे. तहानंतर त्याच जमिनीच्या त्याच उत्पन्नावर दोन सरकारे बसली. निजामाचा अंमलदार आपला हिस्सा घेई, मराठ्यांचा कमाविसदार चौथाई व सरदेशमुखी मागे. दोन दरबारांत हिशेब चुकते झाले, की कुळांच्या अंगणात ते सुरू होत. दुष्काळाच्या साली दोघांपैकी कोणी सूट दिली तर दुसरा ती पाळेलच याची खात्री नसे. राजकारणात ज्याला सुरेख समतोल म्हणतात, त्याचा भार गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या धान्याच्या कणगीवर होता.

अखेरची वर्षे आणि वारसा

यानंतरची वीस वर्षे दोन्ही सत्तांचा संबंध लढाई आणि भेट यांच्या दरम्यान हेलकावत राहिला. डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वर येथे दोघे भेटले. बाजीरावाने उत्तरेकडे पाहावे, निजामाने दक्षिणेकडे, असा त्या भेटीचा मथितार्थ. १७३७ साली दिल्लीच्या हाकेला ओ देऊन निजाम पुन्हा उत्तरेत उतरला आणि भोपाळला वेढला गेला. जानेवारी १७३८ च्या तहाने माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याला मान्य करावा लागला. पुढच्याच वर्षी नादिरशहा आला. कर्नाळच्या पराभवानंतर खंडणी ठरविण्याची बोलणी निजामानेच केली; पण दरबारातील हेव्यादाव्यांनी तीही फसली आणि दिल्लीत कत्तल झाली. १७४० साली बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीस मरण पावला. १७४१ साली निजामाला स्वतःच्या बंडखोर मुलाशी, नासिरजंगाशी, औरंगाबादजवळ लढावे लागले. त्याने मुलाला हरविले आणि क्षमाही केली. तलवारीने राज्य मिळविणाऱ्याच्या घरात तलवार फार काळ म्यानात राहत नाही.

१ जून १७४८ रोजी बऱ्हाणपुरास तो वारला आणि खुलताबादेस दफन झाला. मृत्यूपूर्वी त्याने जो उपदेश मागे ठेवला, त्यात मराठे हे या देशाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी सलोखा राखावा आणि बादशहाची मर्यादा सांभाळावी, असा सल्ला होता. वारसांनी तो फार दिवस पाळला नाही. त्याच्या मृत्यूनंतर गादीचा तंटा लागला, तेव्हा मान्यता देणारे नवेच पुढे आले. फ्रेंचांनी आपला उमेदवार निवडला, इंग्रजांनी आपला. सलाबतजंगाला बुसीच्या पलटणींनी गादीवर टिकविले आणि त्याचा मोबदला १७५३ साली उत्तर सरकारच्या मुलुखाने चुकता झाला. १७९८ साली तैनाती फौज स्वीकारून हैदराबादने आपले परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हवाली केले.

येथे इतिहासाचा एक मोठा उपरोध आहे. पहिला निजाम प्रत्यक्षात स्वतंत्र होता आणि त्याने स्वातंत्र्याचा दावा कधी केला नाही. सातवा निजाम मीर उस्मान अली प्रत्यक्षात कधीच स्वतंत्र नव्हता, आणि त्याने जून १९४७ मध्ये सार्वभौमत्वाचा जाहीरनामा काढला. पहिल्याने कागद बाजूस ठेवून जमीन धरली. सातव्याने कागदाच्या भरवशावर जमीन गमावली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचे गाऱ्हाणे राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे गेले आणि १६ सप्टेंबरला ते तेथे चर्चेला आले. दुसऱ्याच दिवशी हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली, आणि काही दिवसांत निजामानेच ते गाऱ्हाणे मागे घेतले. दोन्ही वेळा निर्णय रणांगणावर झाला, हे खरे. परंतु दोन निर्णयांत एक मूलभूत फरक आहे.

साखरखेर्ड्यानंतर मान्यता मागितली गेली ती दिल्लीकडे आणि साताऱ्याकडे. १९४८ नंतरही हैदराबादेत लष्करी गव्हर्नरच आला. जनरल चौधरी यांचा अंमल सुमारे सव्वा वर्ष होता. रझाकारांच्या अत्याचारांनी आधी पोळलेल्या या प्रदेशात कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांनाही मोठा सूड सोसावा लागला. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रसिद्ध ठेवला गेला. बळाने आलेल्या कोणत्याही सत्तेच्या हिशेबात अशी पाने असतात आणि ती दडवून ठेवल्याने हिशेब जुळत नाही. पण १९५२ साली त्या बळाने आपला अधिकार मतपेटीपुढे ठेवला. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या त्याच रयतेला, जिच्या वतीने १७२४ साली, १७२८ साली आणि त्यानंतर कितीतरी वेळा इतरांनी सह्या केल्या होत्या, प्रथमच स्वतःचे मत विचारण्यात आले. तिच्या होकाराने हैदराबादचा प्रश्न खऱ्या अर्थाने मिटला.

बाजीरावाने निजामाशी व्यवहार केला ही चूक नव्हती. शेजारी निवडता येत नाही आणि ज्याच्या हाती ठाणी आहेत त्याच्याशी बोलावेच लागते. आजही लष्करी राजवटींशी वकील ठेवणे अनेकदा अपरिहार्य असते, आणि तसे न केल्याने कैदी सुटत नाहीत की सरहद्दीवरची वाहतूक सुरू होत नाही. एस्त्रादाचा व्यवहारी विचार तेवढ्यापुरता खरा आहे. मात्र व्यवहार म्हणजे संमती नव्हे, आणि परकीयांची मान्यता म्हणजे अधिकार नव्हे, हे विसरले की मुत्सद्देगिरी केवळ बलवानांची आपसांतील वाटणी होते. महंमदशहाचा किताब, शाहू महाराजांचे तह, फ्रेंचांच्या पलटणी, इंग्रजांची तैनाती फौज असा मान्यतेचा एकेक कागद आसफजाही घराण्याला मिळत गेला, आणि प्रत्येक कागदाची किंमत मुलुखाने मोजली. जो कागद त्या घराण्याने दोनशे चोवीस वर्षांत कधीच मागितला नाही, तो प्रजेच्या होकाराचा होता. अखेरच्या घटकेला इतर सारे कागद निरुपयोगी ठरले ते याच एका कागदावाचून.